बीस्टवर पहिल्यांदा बसणार असाल तर

किंग्ज आयलंड पार्कात शिरलं की समोर आयफेल टॉवरची ३१४ फुटांची प्रतिकृती दिसते आणि आजूबाजूला पोलादी रोलर कोस्टरांचे रंगीत रूळ. ज्याच्यासाठी कितीतरी लोक मुद्दाम वाट वाकडी करून अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मेसनला येतात, तो बीस्ट हा लाकडी कोस्टर मात्र कुठे दिसत नाही. तो पार्कच्या मागच्या टोकाला, रिव्हरटाउन भागातल्या झाडीत आहे. त्याच्या दारात उभं राहिलं तरी पहिल्या चढणीपलीकडे काय आहे ते कळत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने थोडी माहिती घेऊन गेलेलं बरं. अनुभवी लोक 'काही विचारू नकोस, जाऊन बस' म्हणतात. पण चुकीच्या ओळीत बसून पाठ शेकून घेतलेला माणूस पुन्हा लाकडी कोस्टरचं नाव काढत नाही, हेही मी पाहिलं आहे.

पायरी १: विक्रम कशाचा, ते समजून घ्या

बीस्ट १४ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाला. तेव्हा जगातल्या लाकडी कोस्टरांत तो सर्वांत उंच, सर्वांत वेगवान आणि सर्वांत लांब होता. उंचीचा आणि वेगाचा मान पुढे दुसरीकडे गेला. जर्मनीतल्या हाइडे पार्कचा कोलोसोस सुमारे ६० मीटर उंच आहे, दक्षिण कोरियातला टी एक्सप्रेस ५६ मीटर. लांबीचा मान मात्र अजून बीस्टकडेच आहे: ७,३६१ फूट, म्हणजे जवळजवळ सव्वादोन किलोमीटर. मूळची लांबी ७,३५९ फूट होती. २०२२च्या हंगामाआधी बराच रूळ नव्याने बसवला, त्यात दोन फूट वाढले. एका फेरीला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. एरवी बहुतेक कोस्टर दोन-तीन मिनिटांत आटोपतात.

बीस्टला टक्कर द्यायचा प्रयत्न घरातूनही झाला होता. याच पार्कात २००० साली 'सन ऑफ बीस्ट' उभा राहिला. २१८ फूट उंच, आणि लाकडी कोस्टर असूनही त्यात चक्क उभा लूप. लांबीत मात्र तो ७,०३२ फुटांवर थांबला. २००६च्या अपघातानंतर त्याचा लूप काढला, २००९मध्ये तो बंद पडला आणि २०१२मध्ये पाडला. त्याच्या जागी आज बॅन्शी हा पोलादी कोस्टर आहे. 'बापसे बेटा सवाई' ही म्हण इथे काही लागू पडली नाही.

आता नवख्यांची नेहमीची गफलत. ते पार्कच्या माहितीत बघतात, बीस्टची चढण ११० फूट. शेजारचा डायमंडबॅक २३० फूट, ओरायन २८७ फूट. मग म्हणतात, हा तर पोरांचा दिसतोय! पण त्याच माहितीत खाली लिहिलेलं असतं की पहिला उतार १३५ फुटांचा आणि दुसरा १४१ फुटांचा आहे. चढण ११० आणि उतार १३५, हे कसं? तर जमिनीमुळे. बीस्ट ३५ एकरांच्या चढउताराच्या, घळींनी भरलेल्या जंगलात पसरला आहे. जमीन सपाट करून त्यावर सांगाडा उभारण्याऐवजी अल कॉलिन्स आणि जेफ ग्रॅमकी या त्याच्या रचनाकारांनी रूळ जमिनीच्या कलाने नेला. घळ आली की गाडी घळीत उतरते, गरज पडली तिथे जमिनीखालीही जाते. किंग्ज आयलंडचा जुना 'रेसर' कोस्टर जॉन अ‍ॅलन यांनी आखला होता. ते तोवर निवृत्त झाले होते, पण त्यांचा सल्ला या दोघांनी घेतला. आकडेमोड बहुतांशी हातानेच झाली, संगणक हाताशी नव्हता.

याचा तुमच्याशी संबंध एवढाच: या कोस्टरला उंचीच्या मापाने मोजू नका. उंच जागेची भीती वाटणाऱ्यांना तो सोपा जाऊ शकतो, कारण बहुतेक वेळ तुम्ही जमिनीच्या जवळच असता. आणि ज्यांना उंचीची सवय आहे त्यांना तो अवघड जाऊ शकतो, कारण ताशी १०४ किलोमीटरचा वेग झाडांच्या बुंध्यांजवळून जाताना उघड्या आभाळातल्या वेगाहून फार जास्त वाटतो.

पायरी २: बसावं की नाही, हे घरीच ठरवा

उंची किमान ४८ इंच, म्हणजे पूर्ण चार फूट हवी. रांगेच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते आणि तिथले कर्मचारी केसांचा तुरा धरत नाहीत. मूल काठावर असेल तर आधी मोजून घ्या. तासभर रांगेत उभं राहून परत फिरण्याइतकं रडू दुसऱ्या कशाने येत नाही.

गरोदरपण, हृदयाचा त्रास, मान किंवा कंबर दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर बीस्ट नको. पोलादी कोस्टरवर बसलो होतो, काही झालं नाही, हा पुरावा इथे चालत नाही. लाकडी रूळ हादरे देतो आणि ते हादरे चार मिनिटं चालतात. अंगाने मोठ्या असलेल्यांनी बाहेर नमुन्याचं आसन ठेवलेलं असेल तर त्यात बसून मांड्यांवर येणारा आडवा दांडा नीट बसतो का ते आधीच पाहावं. गाडीतली बाकं मधोमध विभागलेली आहेत, सरकून जागा करता येत नाही.

शरीराची तक्रार नाही, पण मन तयार नाही, अशांनी आधी रेसरवर बसावं. १९७२ साली पार्कसोबतच सुरू झालेला हा दुहेरी लाकडी कोस्टर सरळ जातो आणि सरळ परत येतो, ८८ फूट उंच आहे, आणि लाकडावर चाक कसं वाजतं, बाकावरून अंग उचललं जातं म्हणजे काय होतं, हे दोन-सव्वादोन मिनिटांत शिकवतो. उंचीची अट इथेही ४८ इंचांचीच. रेसरवरून हसत उतरलात तर बीस्टला हरकत नाही. पांढरे पडून उतरलात तर आजचा दिवस इतर गोष्टींत घालवा. पार्क मोठा आहे, कुणी नावं ठेवत नाही.

पायरी ३: दिवसाचा बेत

बीस्टवर दोनदा बसायचं, एकदा उजेडात आणि एकदा अंधारात, हे आधीच ठरवून टाका. बाकीचा दिवस त्याभोवती बेता. उजेडातली फेरी सकाळी उरका, कारण पहिल्या तासाभरात बरीचशी गर्दी ओरायनसारख्या नव्या पोलादी कोस्टरांकडे पळते आणि मागच्या टोकाचा बीस्ट त्या मानाने मोकळा असतो. दुपारी रांग फुगते. फास्ट लेन हा जादा पैसे भरून छोट्या रांगेतून जायचा पास इथे चालतो, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर तेवढ्यासाठी तो घेऊ नये, असं माझं मत. शनिवारी गेलात तर गोष्ट वेगळी.

जायच्या दिवशी पार्क किती वाजता बंद होतं ते मात्र नक्की पाहा. वसंतात काही दिवशी पार्क अंधार पडायच्या आतच बंद होतं आणि मग रात्रीची फेरी मिळत नाही. उलट जून-जुलैत सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे खरा काळोख हवा तर शेवटचा अर्धा तास धरावा लागतो. विजा कडाडल्या की गाड्या थांबतात. एवढ्यासाठी निराश होऊन निघून जाऊ नका. ओहायोतला उन्हाळी पाऊस बहुधा येऊन जातो, आणि पावसानंतरचा ओला रूळ गाडीला जरा जास्तच पळवतो.

ऊन-पावसाचा असा परिणाम का होतो? लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे थर, आणि त्यावर, जिथे चाक टेकतं तिथे, पोलादाची पातळ पट्टी. रोज तेल-ग्रीस होतं. सकाळी चाकांच्या बेअरिंगमधलं वंगण घट्ट असतं, दिवसभर फेऱ्या झाल्या की ते पातळ होतं आणि गाडी सुटते. त्यामुळे रात्री नऊचा बीस्ट सकाळी अकराच्या बीस्टपेक्षा खरोखरच वेगवान असतो. हा नुसता भास नाही.

पायरी ४: ओळ निवडा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बीस्टच्या एका गाडीला सहा डबे असतात. प्रत्येक डब्यात तीन ओळी, प्रत्येक ओळीत दोघं, म्हणजे एकूण छत्तीस माणसं. डब्याची चाकं पुढच्या आणि मागच्या ओळीच्या जवळ असतात. मधली ओळ दोन्ही चाकांपासून लांब पडते. रुळातला प्रत्येक खाचखळगा चाकावर बसलेल्याला थेट कण्यातून कळतो, मधल्याला तो निम्मा होऊन पोचतो. तेव्हा पहिल्या फेरीला प्रत्येक डब्याची मधली ओळ घ्या: दुसरी, पाचवी, आठवी, अकरावी, चौदावी किंवा सतरावी. एसटीत मागच्या चाकावरची जागा टाळणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

आता पुढे की मागे? दुसऱ्या ओळीतून समोरचं दिसतं, वारा लागतो आणि उताराच्या तोंडाशी गाडी क्षणभर रेंगाळते, कारण मागचे डबे अजून चढणीवर असतात. मागच्या ओळींत उलटं होतं. पुढचे डबे आधीच खाली सुटलेले असतात आणि तुम्हाला माथ्यावरून ओढून खाली नेतात. पोटात गोळा तिथे जास्त येतो, हादरेही जास्त. नवख्याने उजेडात पाचवी आणि रात्री चौदावी घ्यावी, असं मी सुचवीन. अगदी पहिल्या ओळीसाठी वेगळी, लांब रांग लागते. ती हौस दुसऱ्या भेटीसाठी ठेवा. शेवटची, अठरावी ओळ चाकावरची आहे. तिथे बसून कौतुक करणारे लोक असतात, पण ते मुरलेले असतात.

फलाटावर प्रत्येक ओळीसमोर छोटं फाटक असतं आणि बहुतेक वेळा हवं ते निवडता येतं. गर्दीत कर्मचारी कधी कधी स्वतःच जागा ठरवून देतात. अशा वेळी हुज्जत घालू नका, पण 'अमुक ओळीसाठी एक गाडी थांबलो तर चालेल का?' असं हसून विचारलं तर बरेचदा मान डोलावतात.

पायरी ५: बसताना

टोपी, चश्मा, फोन, सुट्टी नाणी यांचा बंदोबस्त रांगेत शिरण्याआधीच करा. चेनचा खिसा नसेल तर लॉकर घ्या. बीस्टच्या रुळाखाली जंगल आहे. तिथे पडलेली वस्तू दिवसभरात हाती येईल अशी आशा धरू नका. चश्म्याला मागे पट्टा असेल तर उत्तम. चित्रीकरणासाठी फोन हातात धरणं बंदच आहे, आणि गाडी थांबवून तो काढून घेतला तर छत्तीस लोक तुमच्याकडे बघतात. लांब केस बांधा. चपला सैल असतील तर पट्टा घट्ट करा. तासभर आधी पोटभर खाऊ नका, पण उपाशीही बसू नका. रिकाम्या पोटी मळमळ लवकर होते.

बाकावर आधी पूर्ण मागे सरका, मग दांडा खाली ओढा. पुढे सरकून बसलात आणि दांडा लागला, तर चार मिनिटं कंबरेमागे पोकळी राहते. दुसऱ्या दिवशी कंबर दुखते ती त्यामुळेच. दांडा घट्ट हवा, पण श्वास कोंडेल इतका नको, कारण हादऱ्यांबरोबर तो कधी कधी एखादी खाच आणखी खाली येतो.

हात कुठे ठेवायचे? पहिल्या फेरीत दांड्यावर. पाय जमिनीवर टेकलेले, गुडघे किंचित सैल. दात मिटलेले ठेवा, जीभ चावली जाते. मान ताठ धरून बसू नका, सैलही सोडू नका. समोर जिथे रूळ जातोय तिकडे बघा, म्हणजे वळण यायच्या आधी शरीर आपोआप तयार होतं. डोळे गच्च मिटून बसणारा प्रत्येक वळणाला आपटतो, कारण काय येतंय ते अंगाला ठाऊकच नसतं.

पायरी ६: ती चार मिनिटं

ज्यांना काहीच आधी कळू नये असं वाटतं त्यांनी ही पायरी वगळावी. मला विचाराल तर बीस्टच्या बाबतीत माहिती असल्याने मजा कमी होत नाही, उलट नीट तयारीने घेता येते.

गाडी फलाटावरून सावकाश निघते आणि वळून पहिल्या चढणीला लागते. खट्-खट्-खट् असा आवाज येतो तो काही बिघाडाचा नाही. गाडीखालचे खटके चढणीवरच्या दातांवर पडत जातात, म्हणजे साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये. माथ्यावरून पहिला उतार थेट जमिनीतल्या बोगद्यात जातो. २०२२च्या दुरुस्तीत हा उतार ४५ अंशांवरून ५३ अंशांवर नेला, त्यामुळे जुन्या चित्रफितींत दिसतो त्यापेक्षा तो आता उभा आहे. बोगद्याचं तोंड डोक्याला लागेल असं प्रत्येकाला वाटतं. लागत नाही. तरी लोक वाकतात. वाकलात तरी कुणाला दिसणार नाही, तेही वाकलेलेच असतात.

त्यापुढचा भाग म्हणजे झाडी, वळण, आणखी झाडी. मध्येच एका छपराखालून जाताना गाडीचा वेग जरा कमी होतो, तिथे ब्रेक आहेत. बऱ्याच जणांना इथे 'संपलं वाटतं' असं होतं. संपलेलं नसतं. बीस्टची ताकद एकेका धक्क्यात नाही. पळणं चालूच राहतं, परतीचं चिन्ह दिसत नाही, आणि आपण पार्कपासून किती लांब आलो याचा अंदाज जातो. हवेत उचलले जाण्याचे क्षण इथे थोडेच आहेत. तीच अपेक्षा ठेवून आलेला माणूस नाराज होतो, आणि दोष कोस्टरचा नसतो.

मग दुसरी चढण. इतर कोस्टरवर एका चढणीतून मिळालेली ऊर्जा शेवटपर्यंत पुरवायची असते. सव्वादोन किलोमीटरला ती पुरत नाही, म्हणून इथे गाडीला पुन्हा वर न्यावं लागतं. विक्रमाचं गुपित या दुसऱ्या साखळीत आहे. चढण सावकाश आहे. खोल श्वास घ्या, मागे सरकून पुन्हा नीट बसा, दांड्यावरची पकड बदला. हे सगळं याच वेळात करा, कारण पुढे सवड नाही.

दुसरा उतार १४१ फुटांचा असला तरी उभा नाही, जेमतेम १८ अंशांचा. वरून पाहिलं तर 'हा काय उतार' असं वाटतं. पण तो लांबच लांब आहे, वेग वाढत जातो आणि खाली दीड वेढ्याचं, म्हणजे ५४० अंशांचं दुहेरी वळण तोंड उघडून उभं असतं. त्याचा काही भाग लाकडी बोगद्यात झाकलेला आहे. आत खडखडाट असा घुमतो की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही. शरीर वळणाच्या बाहेरच्या बाजूला रेटलं जातं. दोघांत जो वजनाने जास्त, त्याने बाहेरच्या बाजूला बसावं हे सांगणारे अनुभवी लोक असतात. पहिल्या फेरीत कोणती बाजू बाहेरची ते पाहून ठेवा आणि रात्री त्याप्रमाणे बसा. लहान मूल तुमच्या आणि डब्याच्या भिंतीच्या मध्ये चिणलं जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

वळणात सांगाडा हलताना दिसला तर घाबरू नका. लाकडी सांगाडा थोडा डोलला पाहिजे, तसाच तो बांधलेला असतो. गाडी रूळ सोडत नाही, कारण चाकं तीन प्रकारची असतात: वर चालणारी, बाजूला टेकणारी आणि रुळाच्या खालून धरणारी. ही खालची चाकं जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वी आणली आणि तेव्हापासूनच कोस्टरांना एवढे उभे उतार घेता आले.

पायरी ७: रात्री

बीस्टच्या जंगलात रुळाला दिवे लावलेले नाहीत. बाकी सांगण्यासारखं फार नाही. समोर बघा ही मघाची सूचना रात्री निकामी होते, कारण समोर काही दिसत नाही. त्याऐवजी पाठ बाकाला टेकलेली ठेवा आणि अंग थोडं सैल सोडा. पार्क बंद होण्याच्या वेळेच्या आत रांगेत उभे राहिलात तर सहसा बसू देतात, त्यामुळे बंद व्हायला वीसेक मिनिटं असताना रांगेत शिरणं सगळ्यात चांगलं. फक्त गाडी उभी केलेली जागा लक्षात ठेवा आणि सोबतच्यांना भेटायचं ठिकाण आधी सांगून ठेवा. बीस्ट पार्कच्या मागच्या टोकाला आहे, बाहेर पडायला बरंच चालावं लागतं, आणि तेव्हा सगळेच एकदम निघालेले असतात.

यानंतर काय

उतरल्यावर गुडघे हलके वाटले तर दोन मिनिटं बाकावर बसा, पाणी प्या. लगेच दुसऱ्या कोस्टरच्या रांगेत जाऊ नका. लाकडी कोस्टर आवडला असेल तर रिव्हरटाउनमध्येच मिस्टिक टिंबर्स आहे. २०१७चा, लहान, चपळ, आणि बीस्टवर जे अंग उचललं जाणं कमी पडतं ते इथे भरपूर. शेवटी एक शेड आहे, आत काय आहे ते सांगत नाही.

त्याहून पुढे जायचं असेल तर शेजारच्या इंडियाना राज्यात, सँटा क्लॉज नावाच्या गावात, हॉलिडे वर्ल्ड पार्क आहे. तिथला २००६चा व्हॉयेज १६३ फूट उंच आणि ६,४४२ फूट लांब. लांबीत बीस्टपेक्षा कमी, पण दमवण्यात कितीतरी पुढे. दोन्ही एकाच सहलीत करायचे असतील तर मध्ये पाठीला एक दिवस विश्रांती द्या. आणि सँटा क्लॉजला जाताना प्रमाणवेळ बदलते, तिथलं घड्याळ मेसनपेक्षा एक तास मागे असतं. पार्क उघडायची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे धरा, नाहीतर बंद फाटकासमोर तासभर उभे राहाल.